धनगरवाड्याच्या शाळेंतील संगणक

ज्युबिलीच्या स्मरणिकेंत सामान्यतः मंदिराच्या पायाभरणीची, धर्मगुरूंच्या आगमनाची व दात्यांच्या औदार्याची हकीकत येते, आणि ती यावी हें योग्यच आहे. परंतु ज्या मुलखाच्या अन्नपाण्यावर आपण वाढलों, त्या मुलखाच्या इतिहासालाही अशा अंकांत थोडी जागा असावी असें आम्हांस वाटतें. म्हणून प्रस्तुत लेखांत आम्ही वाचकांस रसायनीहून चौकमार्गें कर्जत तालुक्यांतील एका लहानशा वाडीवर घेऊन जात आहों. वाडीचें नांव खैराट-धनगरवाडा. तेथें जिल्हा परिषदेची एका खोलीची प्राथमिक शाळा. इयत्ता पहिली ते चौथी. शिक्षक १, मुलें २२. इ. स. २००७ च्या ऑक्टोबर महिन्यांत या मुलांपैकीं प्रत्येकाच्या हातीं त्याचा स्वतःचा असा एक छोटा संगणक आला. 'प्रत्येक मुलामागें एक लॅपटॉप' या नांवाची जी जागतिक योजना त्या काळीं गाजत होती, तिचा भारतांतील पहिला प्रयोग तो हाच. जें साधन मुंबईंतील बहुतेक सधन घरांतल्या मुलांसही त्या वेळीं लाभलें नव्हतें, तें धनगरांच्या मुलांस प्रथम लाभलें. ही गोष्ट आपल्या शेजारीं घडली, आणि तरीही आपणांपैकीं थोड्यांसच ती ठाऊक असेल.

आम्ही कोणी शिक्षणशास्त्राचे पंडित नव्हों. मुलाबाळांचे आईबाप, कोणी शाळांतून शिकविलेले, कोणी कारखान्यांत आयुष्य घालविलेले, असे आम्ही सामान्य जन आहों. माहितीचें नवें यंत्र लहान मुलांच्या शाळेंत शिरतें तेव्हां काय घडतें आणि काय घडत नाहीं, एवढेंच आम्हांस पाहावयाचें आहे.

यंत्राची कथा सांगावयाची तर आधीं विजेची सांगितली पाहिजे. कारण विजेवांचून हें यंत्र मुकें आहे. वाचकांस हें ऐकून नवल वाटेल कीं, विजेच्या बाबतींत आपला मुलूख सबंध देशांत अग्रेसर होता. घाटमाथ्यावरील तलावांचें पाणी प्रचंड नळांतून खालीं सोडून टाटांच्या कंपनीनें १९१५ सालीं खोपोलीस वीज निर्माण केली, आणि १९२२ सालीं भिवपुरीस दुसरें वीजगृह सुरू झालें. पहिलें खालापूर तालुक्यांत, दुसरें कर्जत तालुक्यांत. खोपोलीच्या वीजगृहांतून बाहेर पडणारें पाणी पाताळगंगेस मिळालें, तिला बारमाही ओघ आला, आणि त्या पाण्याच्या आधारानें पुढें तिच्या कांठीं कारखाने उभे राहिले. १९६० सालीं स्थापन झालेल्या हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्स या सरकारी कंपनीचा कारखाना येथें आला, रसायनांवरून 'रसायनी' हें नांव रूढ झालें, आणि आमच्यांतील कित्येक कुटुंबें त्या चाकरीच्या निमित्तानें येथें येऊन स्थिरावलीं. परंतु खोपोली-भिवपुरीची ती पहिली वीज उंच मनोऱ्यांवरून मुंबईच्या गिरण्यांस गेली. ज्या वाड्यांच्या डोक्यावरून तारा गेल्या, त्या वाड्यांतील घरांत मात्र पुढें कित्येक दशकें रॉकेलची चिमणीच जळत होती. साधन जवळ असणें आणि साधन हातीं येणें या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हा धडा आपल्या मुलखानें संगणकाच्या फार आधीं गिरविला होता.

शाळेंतल्या साधनांचा इतिहासही असाच आहे. जुन्या पंतोजींच्या शाळेंत मूल धूळपाटीवर अक्षर गिरवीत असे. पुढें दगडी पाटी आली, फळा आला. १८२२ सालीं मुंबईस शालापुस्तकें व शाळा यांसाठीं एक मंडळी स्थापन होऊन तिनें मराठी क्रमिक पुस्तकें छापून काढण्याचा उद्योग आरंभिला, आणि घोकून पाठ करण्याची विद्या हळूहळू वाचून समजून घेण्याची विद्या झाली. आज आपणांस छापील पुस्तक हें यंत्रविद्येचें फळ आहे असें वाटतही नाहीं, इतकें तें अंगवळणीं पडलें आहे. परंतु त्या काळच्या पंतोजींस तें खात्रीनें तसें वाटलें असेल.

यंत्र आलें म्हणजे विद्या आली असें होत नाहीं, याचा एक दाखला आपल्या ख्रिस्ती इतिहासांतच आहे. हिंदुस्थानांतील पहिला छापखाना १५५६ सालीं गोव्यास सेंट पॉल विद्यालयांत येऊन लागला. त्यानंतर साठ वर्षांनीं, १६१६ सालीं, फादर थॉमस स्टीफन्स यांचें मराठी 'क्रिस्तपुराण' छापावयाची वेळ आली, तेव्हां तें रोमन लिपींत छापावें लागलें. कारण देशी अक्षरांचे खिळेच तयार नव्हते. असे खिळे पाडून घ्यावेत ही इच्छा फादर स्टीफन्स यांनीं १६०८ सालींच आपल्या वरिष्ठांस पत्रानें कळविली होती. यंत्र होतें, कारागीर होते, ग्रंथही होता. नव्हतें तें लोकांचें अक्षर. संगणकाच्या बाबतींतही हीच उणीव फार दिवस राहिली. पुण्यास १९८८ सालीं स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेनें देशी लिप्या संगणकावर आणण्याचें मोठें काम केलें, आणि १९९१ सालीं युनिकोड या जागतिक संकेतमालेंत देवनागरीस स्थान मिळालें. त्यानंतर संगणकावरील मराठी अक्षर एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर जसेंच्या तसें जाण्याची वाट मोकळी झाली. हें झालें नसतें तर मराठी शाळेंतल्या मुलास संगणक म्हणजे केवळ इंग्रजी शिकण्याचें खेळणें वाटलें असतें.

संगणकाच्या आधीं आकाशवाणी आली, मग दूरदर्शन आलें. १९७५ च्या १ ऑगस्टपासून एक वर्षपर्यंत उपग्रहाच्या द्वारें सहा प्रांतांतील सुमारें २४०० खेड्यांत शिक्षणाचे कार्यक्रम दाखविण्यांत आले. त्या सहांत महाराष्ट्र नव्हता. पुढें १९८४ सालीं पुण्यास 'बालचित्रवाणी' ही संस्था निघाली, आणि तिनें तयार केलेले कार्यक्रम मराठी मुलांच्या एका पिढीनें मोठ्या आवडीनें पाहिले. या साधनांची योग्यता आम्ही कमी लेखीत नाहीं. पण त्यांत एक मर्यादा होती. तेथें एकच बोले व सर्व ऐकत. मुलास शंका आली तर ती त्या पेटीला विचारतां येत नसे, आणि मुलानें चूक केली तर ती त्या पेटीला दिसत नसे.

हीच उणीव दूर करावी असें ज्यांच्या मनांत आलें त्यांपैकीं सीमोर पॅपर्ट हे प्रमुख होत. ते दक्षिण आफ्रिकेंत जन्मलेले गणितज्ञ. बालमनाचे अभ्यासक झां पियाजे यांच्यापाशीं जिनीव्हास राहून पुढें अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स येथील विख्यात तंत्रविद्यालयांत अध्यापक झाले. १९६७ सालीं त्यांनीं सहकाऱ्यांसह 'लोगो' नांवाची मुलांसाठीं संगणकाची एक भाषा सिद्ध केली. संगणकानें मुलाला शिकवावें हें त्यांस पसंत नव्हतें; मुलानेंच संगणकाला शिकवावें, आज्ञा द्याव्या, चुकलें तर स्वतः शोधून दुरुस्त करावें, आणि असें करतां करतां स्वतः शिकावें, असें त्यांचें मत. त्याच विद्यालयांतील निकोलस निग्रोपाँटे यांनीं जानेवारी २००५ मध्यें डाव्होस येथील परिषदेंत अवघ्या १०० डॉलरांत मुलांसाठीं लॅपटॉप करण्याची योजना जाहीर केली. कंबोडियांतील एका खेड्यांत त्यांनीं मुलांस लॅपटॉप दिले होते. तेथल्या घरांत रात्रीं सर्वांत अधिक उजेड त्या पडद्याचाच पडे, असें ते सांगत.

यंत्र खरोखर कल्पकतेनें घडविलेलें होतें. पांढऱ्या-हिरव्या रंगाचें, दोन कान उभारलेल्या सशासारखें दिसणारें; ते कान म्हणजे बिनतारी संदेश पकडण्याचे अँटेना. वजन दीड किलोच्या आसपास. कळफलक रबराचा व सलग, म्हणजे धूळ व पाण्याचे शिंतोडे आंत जाऊं नयेत. फिरणारी तबकडी आंत नसल्यामुळें धक्क्यानें बिघडण्याची भीति कमी. साडेसात इंचांचा पडदा भर उन्हांत काळ्यापांढऱ्या रूपांत वाचतां येई, म्हणून झाडाखालीं शाळा भरली तरी चाले. एक यंत्र जवळच्या दुसऱ्या यंत्राशीं परस्पर जुळे. मग दोन मुलें दोन ठिकाणीं बसून एकच चित्र काढूं शकत किंवा एकच मजकूर लिहूं शकत. किंमत मात्र १०० डॉलरांवर राहिली नाहीं. २००७ सालीं ती १८८ डॉलरांच्या घरांत, म्हणजे त्या वेळच्या दरानें सुमारें साडेसात हजार रुपयांवर गेली.

भारत सरकारनें ही योजना स्वीकारली नाहीं. २००६ सालींच मनुष्यबळ विकास मंत्रालयानें नकार कळविला. वर्गखोल्या व शिक्षक यांची निकड अधिक आहे, असा त्या नकाराचा आशय होता. तो सर्वस्वीं चुकीचा होता असें कोण म्हणेल? तथापि खासगी प्रयत्नानें एक प्रयोग करण्याचें ठरलें, आणि त्यासाठीं आपल्या जिल्ह्यांतील धनगरवाड्याची निवड झाली.

तेथें काय घडलें? एका शिक्षकानें चार इयत्ता सांभाळावयाच्या म्हणजे काय, हें ज्यांनीं अशी शाळा पाहिली आहे त्यांसच ठाऊक. पहिलीच्या मुलाचा हात धरून अक्षर गिरवून घ्यावें, तों चौथीचीं मुलें गणित संपवून रिकामीं बसतात. चौथीकडे वळावें, तों दुसरीचीं मुलें भांडूं लागतात. अशा वर्गांत प्रत्येक मुलापाशीं करावयास कांहींतरी असणें हीच मोठी मदत होय. मुलें चित्रें काढूं लागलीं, यंत्रांतील कॅमेऱ्यानें आपल्या घरांचीं, गुरांचीं, आईबापांचीं छायाचित्रें घेऊं लागलीं, अक्षरें जुळवून लिहूं लागलीं. यंत्र घरीं नेण्याची मुभा असल्यामुळें तें आईबापांच्याही दृष्टीस पडलें. मुलांचा उत्साह व शाळेंतील हजेरी वाढल्याचें त्या वेळच्या वृत्तांतांत नमूद आहे. ज्यांच्या घरीं पुस्तक म्हणून कांहीं नव्हतें अशा घरांत मूल संध्याकाळीं कांहींतरी वाचूं-लिहूं लागलें, ही गोष्ट लहान नाहीं.

पण येथें एक गोष्ट विसरूं नये. त्या शाळेस जो शिक्षक लाभला होता, त्यानें स्वतः हें यंत्र शिकून घेतलें व मुलांच्या हातीं खुल्या मनानें दिलें. यंत्र मोडेल या भीतीनें तें कपाटांत कुलूपबंद ठेवणाऱ्या शाळाही पुष्कळ असतात. कित्येक ठिकाणीं संगणकावरील प्लास्टिकचें आवरण उद्घाटनाच्या दिवशीं निघतें आणि पुन्हां तपासणीच्या दिवशीं. धनगरवाड्यास तसें झालें नाहीं, याचें श्रेय यंत्राचें नव्हे.

हें आमचें बोलणें केवळ भावनेचें नाहीं, हें दूरदेशींच्या अनुभवावरून दिसून येईल. दक्षिण अमेरिकेंतील पेरू देशानें हेंच यंत्र सर्वांत मोठ्या संख्येनें, आठ लक्षांहून अधिक, घेतलें. तेथील ग्रामीण भागांतील ३१९ प्राथमिक शाळांची पद्धतशीर तुलना करून २०१२ सालीं अहवाल प्रसिद्ध झाला. यंत्र मिळालेल्या मुलांची सामान्य बुद्धीची कसोटी कांहींशी वधारली; परंतु गणित व भाषा यांत यंत्र न मिळालेल्या मुलांहून तीं पुढें गेलीं असें दिसलें नाहीं. उरुग्वे या लहानशा देशानें २००७ ते २००९ या अवधींत आपल्या सरकारी प्राथमिक शाळांतील प्रत्येक मुलास यंत्र दिलें, जोडणी व दुरुस्तीची व्यवस्थाही केली. तेथेंही गणित व वाचन यांत आरंभींच्या वर्षांत लक्षणीय वाढ आढळली नाहीं. तेथें गरीब व श्रीमंत मुलांच्या हातीं एकच साधन आलें, हा न्याय मात्र खरा. तात्पर्य, यंत्र वाटणें हें एक काम आणि त्याच्या योगानें शिकविणें हें दुसरें. पहिलें पैशानें होतें, दुसऱ्यास माणूस लागतो.

महाराष्ट्रांतही पुढें हेंच दिसून आलें. २०१५ च्या जून महिन्यांत शासनानें 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम काढला, आणि गांवोगांवच्या जिल्हा परिषद शाळांत लोकवर्गणीनें संगणक, प्रक्षेपक व पडदे येऊं लागले. सोलापूर जिल्ह्यांतील परितेवाडीच्या शाळेंत रणजितसिंह डिसले या शिक्षकांनीं वेगळीच वाट काढली. तेथील मुलांची घरची भाषा कानडी. त्यांनीं पाठ मुलांच्या भाषेंत आणला आणि पुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड, म्हणजे फोननें टिपावयाची एक चौकोनी खूण, छापली. ती टिपली कीं कविता ऐकूं येई, धडा दिसूं लागे. पुढें शासनाच्या क्रमिक पुस्तकांवरही अशा खुणा आल्या. डिसले यांस २०२० सालीं १० लक्ष डॉलरांचें जागतिक शिक्षक पारितोषिक मिळालें, आणि त्यांतील अर्धी रक्कम त्यांनीं अंतिम फेरींतील इतर नऊ शिक्षकांस वांटून दिली. त्यांच्या कामांत महत्त्व त्या चौकोनी खुणेपेक्षां तिच्यामागील विचाराचें आहे. जें फादर स्टीफन्स यांस चारशें वर्षांपूर्वीं छापखान्याविषयीं वाटलें, तेंच या शिक्षकास फोनविषयीं वाटलें: यंत्रानें मुलाच्या भाषेंत बोलावें.

मग मार्च २०२० आला. साथीमुळें शाळांचीं दारें बंद झालीं आणि शिक्षण फोनच्या पडद्यावर गेलें. सह्याद्री वाहिनीवर 'टिलिमिली' ही मालिका मुलांसाठीं दाखविण्यांत आली. शिक्षकांनीं फोनवरून अभ्यास पाठविला. त्या दिवसांत आपल्या घरींही काय झालें हें प्रत्येकानें आठवून पाहावें. एका फोनभोंवतीं दोन-तीन भावंडें, आणि तो फोनही बापाबरोबर कारखान्यांत गेला कीं शाळा सुटली. आपली ही अडचण, तर कर्जत-खालापूरच्या डोंगरांतील ठाकूर व कातकरी वाड्यांवर काय झालें असेल? पुष्कळ ठिकाणीं फोन नव्हता. होता तेथें रेंज नव्हती. रेंज होती तेथें भरण्यास पैसे नव्हते. कातकऱ्यांचीं कितीतरी कुटुंबें पावसाळा सरल्यावर वीटभट्ट्यांवर जातात आणि मुलेंही त्यांच्याबरोबर जातात. त्यांची शाळा साथ नसतांनाही दरवर्षीं अर्ध्यावर तुटते. अशा वेळीं महाराष्ट्रांत ठिकठिकाणीं शिक्षक स्वतः वाड्यांवर गेले, झाडाखालीं, ओट्यावर, देवळाच्या पडवींत चार-चार मुलें अंतरानें बसवून त्यांनीं पाटी-पेन्सिलीवर शिकविलें. ज्या वर्षीं यंत्राचा सर्वांत अधिक गाजावाजा झाला, त्याच वर्षीं पायीं चालत येणाऱ्या शिक्षकाची किंमत सर्वांस कळली.

असो. यंत्राला नांवें ठेवण्याचा आमचा हेतु नाहीं. ज्या मुलानें समुद्र पाहिला नाहीं त्यास तो दाखविण्याचें, ज्या मुलीस दूरच्या शाळेंत जाणें शक्य नाहीं तिच्यापर्यंत उत्तम शिक्षकाचा आवाज पोंचविण्याचें, ज्यास ऐकूं किंवा दिसूं येत नाहीं त्यास दुसऱ्या इंद्रियानें धडा देण्याचें सामर्थ्य या यंत्रांत आहे, आणि तें सामर्थ्य गरिबाच्या मुलापासून दूर ठेवणें हा अन्याय होईल. खोपोलीची वीज वाडीच्या डोक्यावरून गेली, तसें या विद्येचें होऊं नये. धनगरवाड्याचा प्रयोग आम्हांस मोलाचा वाटतो तो एवढ्याचसाठीं कीं, तेथें एकदां तरी नवें साधन रांगेंत शेवटीं उभ्या असलेल्या मुलाकडे आधीं गेलें.

ज्युबिलीच्या वर्षीं अनेकांच्या मनांत दानधर्माची इच्छा होते, आणि हल्लीं एखाद्या शाळेस संगणक किंवा मोठा पडदा देण्याची चाल पडली आहे. ती चांगली आहे. तरी देणाऱ्यानें देण्यापूर्वीं त्या शाळेच्या शिक्षकाशीं एकदां बसून बोलावें. हें यंत्र कोण वापरणार, बिघडलें तर कोण नीट करणार, त्यांतील धडे मुलांस समजेल अशा मराठींत आहेत कीं नाहींत, आणि वीटभट्टीवर गेलेलीं मुलें परत येतील तेव्हां त्यांस तें पाहावयास मिळेल कीं नाहीं, हें विचारून घ्यावें. शक्य असेल तर यंत्राबरोबर दर आठवड्यास आपला एक तास द्यावा. आमच्यांतील कारखान्यांतून निवृत्त झालेल्या कितीतरी बंधूंस तारा जोडण्याचें, यंत्र दुरुस्त करण्याचें ज्ञान आहे. शिक्षकी पेशांत हयात घालविलेल्या भगिनींस मुलांस समजावून देण्याची कला आहे. हें धन वर्गणीच्या पावतीवर लिहितां येत नाहीं, पण शाळेस त्याचीच अधिक गरज आहे.

२००७ सालीं ज्या मुलांनीं तो हिरवा-पांढरा संगणक मांडीवर घेतला, तीं आज पंचविशीच्या आसपास आलीं असतील. तें यंत्र आतां कोठें तयार होत नाहीं. परंतु आपल्या हातीं कोणीतरी विश्वासानें मोलाची वस्तु दिली होती, आणि ती कशी हाताळावी हें शेजारीं बसून दाखविणारा एक गुरुजी होता, ही आठवण त्यांच्यापाशीं असेल. आपल्या परिसरांतील प्रत्येक मुलास अशी एक आठवण मिळावी, एवढीच आमची इच्छा आहे.